होडी येईसर

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण नोकरी सांभाळून समुपदेशनाचा अभ्यासक्रम करणारे माझ्यासारखे कितीतरी शिक्षक आहेत. त्यांनीही हे वाचावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

तुमच्या लक्षातही नसेल अशी गोष्ट आहे. कोल्हापूरच्या संपर्क वर्गाचा पहिला दिवस होता. तळेऱ्याहून एसटीने गगनबावड्याचा घाट चढून मी पोचले होते. पिशवीत एका मुलाच्या केसचं व्हर्बॅटिम, म्हणजे त्याच्या बोलण्याची शब्दशः नोंद होती, आणि ते तुमच्यापुढे ठेवताना हात कापत होता. त्यामागे कारण होतं.

आदल्या वर्षी मी दुसरीकडे नाव घातलं होतं. तिथल्या मार्गदर्शकांनी माझ्या पहिल्याच व्हर्बॅटिमवर लाल शाईने लिहिलं, ‘भाषा शुद्ध करा.’ मूल मालवणीत बोललं होतं, मी तसंच उतरवलं होतं. मी ते प्रमाण मराठीत केलं. मग निरोप आला, अहवाल इंग्रजीत हवा. तेही केलं. शेवटी त्या मुलाचं सगळं बोलणं ‘वारंवार पोटदुखी, वैद्यकीय कारण नाही’ एवढ्यावर येऊन थांबलं. मला गुण मिळाले आणि मूल हरवलं. तो अभ्यासक्रम मी अर्ध्यात सोडला. आपल्यालाच हे जमत नाही, असं तेव्हा खरंच वाटलं होतं. त्या लाल शाईचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवावा असंही मला वाटत नाही.

तुमच्यासमोर मी दोन्ही कागद ठेवले, शुद्ध केलेला आणि मूळचा. तुम्ही शुद्ध कागद बाजूला सारलात. मूळचा वाचता वाचता एका ओळीवर थांबलात. ओळ अशी होती: ‘बाई, होडी येईसर माझ्या पोटात दुखता.’

तुम्ही शिसपेन्सिलीने ‘येईसर’भोवती गोल केलात आणि म्हणालात, ‘मी विदर्भातली. मला हा शब्द माहीत नाही. तो जसा म्हणाला तसं मला म्हणून दाखवाल?’

मी म्हणून दाखवलं. त्याच्यासारखं, शेवटी आवाज खाली नेऊन. आणि मॅडम, ते वाक्य मी स्वतः पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. येईसर म्हणजे येईपर्यंत. होडी येईपर्यंत दुखतं. ती किनाऱ्याला लागली की थांबतं. त्याने मला कारण सांगितलं होतं, औषधही सांगितलं होतं, आणि मी ‘वारंवार’ लिहून मोकळी झाले होते.

मी रडले. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि काही बोलला नाहीत. पुढच्या केसची वेळ झाली होती, तरी घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

परत आल्यावर मी हजेरीपट काढला. जून-जुलैत, यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते तेव्हा, त्याची एकही तक्रार नव्हती. ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा-तीनदा ‘पोटात दुखते, घरी पाठवले’. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात आमच्या किनाऱ्यावर होड्या आपटून फुटल्या, तेव्हा तो जेमतेम सात वर्षांचा होता. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. शाळेत कुणी त्याला नाटकी म्हणत होतं, कुणी कामचुकार. दहावीच्या निकालात आमचं कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण सहावीतल्या एका पोराचं पोट कोणत्या महिन्यात दुखतं, हे पाहायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

(त्याची नि त्याच्या आईची परवानगी घेऊनच हे लिहिलंय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वाक्य मात्र त्याचंच.)

आता तो खिडकीशी बसतो. तिथून खाडीचं तोंड दिसतं. वर्गशिक्षक म्हणाले, लक्ष बाहेर जाईल. मी म्हटलं, सर, ते बाहेरच आहे, निदान होडी दिसली की आत येईल. आणि येतं. वारा सुटलेल्या दिवशी अजून दुखतं, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. पण आता तो घरी पाठवा म्हणत नाही, माझ्यापाशी येऊन बसतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी 1942 मध्ये एका समुपदेशनाचं ध्वनिमुद्रित संभाषण शब्द न् शब्द छापलं, ऐकणाऱ्याच्या हुंकारांसकट, हे तुम्ही नंतर शिकवलंत. परीक्षेपुरतं ते मलाही पाठ होतं. पण हुंकारसुद्धा जपायचा असतो तर माणसाचा शब्द बदलायचा अधिकार आपल्याला कुठला, हे त्या पेन्सिलीच्या गोलामुळे कळलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शाळांमधल्या समुपदेशकांचा उल्लेख आहे, मातृभाषेतून शिकवण्यावरही भर आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र मांडून कुणी विचारावं, की समुपदेशक मुलाशी कुठल्या भाषेत बोलणार? आणि त्याच्या प्रशिक्षणात ती भाषा कागदावर येऊ देणार की नाही?

तुमच्या जागेवरच्या माणसाला ‘मला माहीत नाही’ म्हणणं सोपं नसतं. विद्यार्थिनीपुढे तर नाहीच. मी सतरा वर्षं शिकवतेय, आणि वर्गात हे वाक्य किती वेळा उच्चारलं ते बोटांवर मोजता येईल. तुम्ही ते इतक्या सहज म्हणालात की मला माझ्या बोलीची लाज वाटायची थांबली. चांगुलपणा असाही असतो मॅडम, समोरच्याला मोठं करून आपण विचारणारं व्हायचं. माझी आजी असंच करायची. पाहुणा कुठल्याही गावचा असो, तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात, हे आधी विचारायची आणि मगच ताट वाढायची.

तो कागद मी अहवालाला जोडला नाही, घरी ठेवलाय. तुमचे आभार मी कशा शब्दांत मानू?

गेल्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी बोलली. जसंच्या तसं लिहून ठेवलंय. त्यातला एक शब्द मलाही ठाऊक नाही, तिच्या आजीचा आहे म्हणाली. शनिवारी तिच्या घरी जाऊन आजीला विचारणार आहे. पुढच्या संपर्क वर्गाला घेऊन येते.

आपली,
देवगड तालुक्यातली एक शिक्षिका