पावतीवर एक ओळ वाढवा : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

मी एका छोट्या शहरातल्या वाचनालयाचा जुना वर्गणीदार, सध्या कार्यकारी मंडळावर. परवा कपाटं हलवताना मागे पडलेली जुनी दाखल नोंदवही हाती लागली. कडा कसरीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. प्रत्येक पुस्तकापुढे 'कोणाकडून मिळाले' असा रकाना. एका वकिलांनी दिलेली कपाटभर पुस्तकं, त्याखाली एका शिंप्यानं दिलेलं एकच. सरकारकडून आलेलं पहिलं पुस्तक शोधायला बरीच पानं उलटावी लागली.

आपल्याकडची वाचनालयं अशीच उभी राहिली. रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, कल्याणचं १८६४चं. सुरुवातीला काही ठिकाणी पाटी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' अशी. साहेबाचा आशीर्वाद असे, पण रोजचा गाडा वर्गणीवर. कायदाही आधी आपल्याच मुलखात झाला. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली ग्रंथालय कायदा केला, तेव्हा देशात दुसरीकडे तो नव्हता.

राज्याचा कायदा १९६७चा. त्यातून वाचनालयांचे अ, ब, क, ड असे दर्जे ठरले, अनुदान आलं, खेडोपाडी वाचनालयं निघाली. उपकार विसरत नाही. पण मद्रासनं १९४८ सालीच कायद्यात ग्रंथालय कर घातला. कर्नाटकात, केरळातही तो आहे. आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे आमच्या वाट्याला हक्काचा पैसा नाही, मंजूर होईल तेव्हा मिळणारं अनुदान आहे.

याचा अर्थ मंत्रालयात कसा दिसतो ठाऊक नाही, आमच्याकडे असा दिसतो. ग्रंथपाल बाई सकाळी आठला कुलूप उघडतात. पेपर दांड्यांना लावतात, देवघेव बघतात, फाटक्या पुस्तकांना खळ लावतात, वर्गणी थकवणाऱ्यांना फोन करतात. अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री उठेपर्यंत दिवे चालू. अनुदानाचा हप्ता लांबला की बाईंचं मानधन लांबतं. मग बैठकीत विषय निघतो: शिल्लक पैशांतून आधी बाईंचं द्यायचं की पेपरवाल्याचं बिल? (दरवेळी पेपरवाला जिंकतो. पेपर बंद झाले तर सकाळची ज्येष्ठ मंडळी माझ्या दारात येऊन बसतील. बाई येणार नाहीत, हे आम्हाला माहीत असतं. आमची लाज हीच.)

करवाढ म्हटलं की मतं जातात, एवढं मलाही कळतं. पण माझ्या मालमत्ता कराच्या पावतीवर शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे, अग्निशमन कर आहे. झाडाला तिथे जागा मिळाली. त्याच्यापासून झालेल्या कागदाला अजून नाही. कायद्यात दुरुस्ती करून पावतीवर ग्रंथालय कराची ओळ घाला. रक्कम किरकोळ असली तरी चालेल, फक्त ती त्याच शहरातल्या वाचनालयांना थेट मिळावी आणि तिच्यातून पहिला खर्च पगाराचा व्हावा. अनुदान बंद करून हा कर नको. तसं करणार असाल तर आहे ते बरं.

अधिवेशनात विधेयक येईल तेव्हा येईल. तोवर ती नोंदवही बाइंडिंगला टाकली आहे. खर्च कुठल्या खाती दाखवायचा, असं बाई विचारत होत्या. लेखापरीक्षकांना विचारून सांगतो, म्हटलं.

कळावे,
आपला,
एक वर्गणीदार