सळई आली नाही म्हणून सांग

मँचेस्टर, २८ सप्टेंबर

प्रिय पक्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि काउंटरपुढे निम्मी बार्शी बसलेली. माझ्या मूळव्याधीची चौकशी मागे तुझ्या हमालाने केली होती, आठवतंय ना? हे तसं व्हायला नको. वाच आणि फाड. वहिनींना सांगितलंस तरी चालेल, त्यांच्या पोटात राहतं.

मार्चपासून तुझ्याशी धड बोललो नाही, कबूल. तब्येत बरी आहे, शुगर आहे तेवढीच आहे.

तर सुध्या.

मी तीन महिन्यांसाठी इकडे आलोय म्हटल्यावर त्याचाच फोन आला. "दिग्या, आठवडाभर ये. आयर्लंड दाखवतो. पण सगळं कर्वेनगर स्टाइल. दहाजणांच्या खोलीत झोपायचं, एसटीने फिरायचं, हाताने रांधायचं." मी खूश. म्हटलं, बारा-तेरा वर्षं साहेबाच्या शेजारी राहून गडी बदलला नाही. व्हिसाचं रामायण भेटल्यावर सांगीन. होलिहेडपर्यंत रेल्वे, तिथून बोट, दोन्हीचं मिळून एकच तिकीट. सव्वातीन तास समुद्र, आणि त्यातले दोन तास मी डोळे मिटून गजाननाचा धावा करत होतो. तू हसशील. अलिबागच्या लाँचमध्ये तुझी काय अवस्था झाली होती ते मी अजून वहिनींना सांगितलेलं नाही.

डब्लिनला उतरलो तर हा धक्क्यावर उभा. वाळलाय. मी म्हटलं, जिम? तो म्हणाला, सायकल.

पहिले दोन दिवस जे जे फुकट ते ते. तिथली सरकारी म्युझियमं फुकट आहेत हे खरं, आणि भारी आहेत हेही खरं. किल्डेअर स्ट्रीटवरच्या म्युझियममध्ये दलदलीत सापडलेली माणसं ठेवलीत, दोन हजार वर्षांपूर्वीची. कातडी शाबूत. एकाच्या हाताची नखं इतकी नीटनेटकी की आपल्या तिघांत कुणाची कधी नव्हती. डब्लिनच्या किल्ल्यात चेस्टर बीटीचा संग्रह आहे, तोही फुकट, त्यात आपल्याकडची मुघल चित्रं. ट्रिनिटी कॉलेजातलं ते बाराशे वर्षांपूर्वीचं केल्सचं पुस्तक मात्र पाहिलं नाही. त्याला तिकीट आहे. सुध्या म्हणाला, रांग फार असते. रांग मला दिसली नाही. पण मी बोललो नाही.

पाट्या सगळ्या दोन भाषांत, वर आयरिश, खाली इंग्रजी. एका स्टॉपवर तीन बस गेल्या, तिन्हींवर 'अस शेरवीश' असं काहीतरी. मी म्हटलं, या गावाला बऱ्याच गाड्या आहेत की, आपण का जात नाही? त्याचा अर्थ 'सेवेत नाही' असा निघाला. सुध्या फुटपाथवर बसून हसला. आठवड्यात तो तसा तेवढा एकदाच हसला, हे आता लक्षात येतंय. आणि हो, कुणीही इंडियन म्हणून विचारलं की हा लगेच सांगणार, तुमचे माजी पंतप्रधान वराडकर आमच्याकडचे. अरे, त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, तू वैरागचा. मध्ये अख्खा घाट आहे. पण छाती अशी फुगवतो जणू भाऊबंदकीतला आहे.

लिफी नदीच्या काठावर दुष्काळाचे पुतळे आहेत. हाडं निघालेली माणसं, गाठोडी छातीशी धरून बोटीकडे चाललेली. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला, आणि पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाख मेले, दहा लाख देश सोडून गेले. त्याच काळात बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. १८४१ साली त्या बेटावर ऐंशी लाखांवर माणसं होती. आज उत्तर-दक्षिण मिळूनही तेवढी नाहीत. हे सगळं मला सुध्यानेच सांगितलं, आणि मग पावसात पाऊण तास तिथून हलेना. मी म्हटलं, चल लगा, भूक लागली. त्या पुतळ्यांसमोर म्हटलं.

भुकेचं म्हणशील तर तिकडे चिकन फिलेट रोल मिळतो, हातभर पाव. कामगार, विद्यार्थी, सगळे दुपारी तोच खातात. आम्ही दोघांत एक. निम्मा सकाळी, निम्मा दुपारी. मी त्याला कंजूष म्हणालो. वीस वर्षं म्हणत आलोय, तो हसतो, आपण हसतो.

गॉलवे. बसने अडीच तास. पाऊस असा की छत्री उघडायची लाज वाटावी, कारण छत्री उलटतेच. पण गाव झकास. संध्याकाळी पबमध्ये टेबलाभोवती लोक बसतात, एक फिडल काढतो, एक बासरी, आणि सुरू. तिकीट नाही, माइक नाही. आपल्या गावच्या भजनी मंडळासारखं, ज्याला येतं तो मिसळतो. मी गिनीज घेतली. त्याने नळाचं पाणी. तीन तास. मी म्हटलं, माळ घातलीस का?

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक फुकटची फळी असते. जाणारा माणूस उरलंसुरलं तिथं ठेवून जातो, येणारा घेतो. सुध्याने तिथून निम्मा पास्ता, तेलाची तळ गाठलेली बाटली आणि कुणाचं तरी मीठ उचललं. मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. 'आमचा एनआरआय'. तू सहा हसरे चेहरे टाकलेस आणि लिहिलंस, 'मरताना बरोबर नेणार आहे का भाड्या?' त्याने वाचलं. मला फोन परत दिला आणि पास्ता ढवळत राहिला. पक्या, त्या फोटोला तू काय लिहिलंस आणि मी काय लिहिलं, त्याचा हिशेब आपला निम्मा-निम्मा.

पुढचा दिवस मोहरच्या कड्यांचा. बस समुद्राच्या कडेने जाते. बरेनचा दगडाळ मुलूख लागतो, मैलोनमैल नुसती चुनखडीची फरशी, जणू कुणी सगळा माळ फरसबंद करून सोडून दिलाय. त्यावर दगडी बांध, डोंगराच्या पार माथ्यापर्यंत, जिथे शेत नाही, गुरं नाहीत. शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याने सांगितलं, दुष्काळात सरकारने फुकट अन्न द्यायचं नाही म्हणून उपाशी माणसांकडून असले बांध घालून घेतले, कुठेच न जाणारे रस्ते करून घेतले, आणि मग मजुरी दिली. मी त्याला बहात्तर सालचं सांगितलं. तुझी आज्जी आणि माझी आई एकाच कामावर खडी फोडत होत्या, सुकडी मिळायची, ते सगळं. माझ्या इंग्रजीत सुकडीला शब्द सापडेना. म्हाताऱ्याला कळलं. सुध्या खिडकीबाहेर बघत होता.

कड्यांपाशी दहा-बारा युरोचं तिकीट. सुध्या म्हणाला, "तू जा, मी पाहिलंय."

आणि मी चिडलो. आठवड्याचं सगळं साचलेलं. रांग फार असते, नळाचं पाणी, निम्मा रोल. सगळ्या टुरिस्टांपुढे मराठीत ओरडलो, "दहा युरोसाठी मला एकट्याला पाठवतोस? पक्या तुझ्याबद्दल बोलला ते बरोबर होतं."

तुला आठवतं काय बोलला होतास. मनीच्या लग्नात, पाकीट भिरकावून. मी तेव्हा त्याची बाजू घेतली म्हणून तू माझ्याशी वर्षभर बोलला नाहीस. आणि तेच वाक्य मी त्याच्या तोंडावर मारलं, तुझं नाव लावून. त्याबद्दल तुला काय म्हणायचंय ते म्हण.

कडे बघितले. दोनशे चौदा मीटर सरळ खाली, धुकं दहा मिनिटं फाटलं तेवढ्यात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपण पालथं पडून खाली बघितलं होतं, तसंच पोटात झालं, फक्त तळाशी समुद्र. परत आलो तर हा बसथांब्यावर बसून उरलेला निम्मा रोल खात होता. अर्धा मला ठेवला होता. म्हणजे रोलचा चौथा भाग. मी घेतला नाही.

कॉर्कला बसमध्ये चार तास एकमेकांशी बोललो नाही.

कळलं ते कॉर्कच्या हॉस्टेलात, चुलीपाशी. त्याने डब्लिनहून बेसन आणलं होतं, पिठलं टाकलं होतं. बाजूला दोन स्पॅनिश पोरी चमचा घेऊन आशेने उभ्या. त्याचा फोन वाजला. दोन्ही हात पिठात, म्हणून त्याने मला उचलायला लावला, आणि लागला स्पीकर. पलीकडचा माणूस विचारत होता, रविवारी रात्रीची शिफ्ट धरायची का, एक माणूस कमी आहे, सकाळी सहापर्यंत, पॅकिंगला.

मी म्हटलं, तुमच्या ऑफिसात पॅकिंग असतं?

नोकरी डिसेंबरात गेली. कंपनीने एका सकाळी मेल पाठवून निम्मा मजला घरी बसवला. पासपोर्ट तिकडचा झालाय, म्हणून कुणी हाकलत नाही, एवढंच. गाडी विकली. भाड्याचं घर सोडलं. डब्लिनची भाडी ऐकलीस तर तू तुझ्या दुकानाच्या माळ्याला नमस्कार करशील. आता जेवणाचे डबे पोचवणाऱ्या तीन ब्राझिलियन पोरांबरोबर एका खोलीत राहतो. म्हणूनच पहिल्या दिवशी मला घरी नेलं नाही. म्हणाला होता, रंगकाम चाललंय. मृणालला माहीत नाही, आणि तिला कळायचं कारणही नाही, ते तुला माहीत आहे.

"मग मला बोलावलंस कशाला, गाढवा?" मी विचारलं. तर म्हणाला, "एकट्याने आठवड्याची सुट्टी काढली असती तर झोपून राहिलो असतो."

पिठलं करपलं. स्पॅनिश पोरींनी तरी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी कोव्हला गेलो, कारण कॉर्कहून रेल्वेने पंचवीस मिनिटं आणि तिकीट स्वस्त. टायटॅनिकचं शेवटचं बंदर ते, ११ एप्रिल १९१२. धक्क्यावर ॲनी मूर नावाच्या पोरीचा पुतळा आहे, दोन धाकटे भाऊ बरोबर. १८९२च्या एक जानेवारीला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली पहिली हीच. माझ्याकडे मागितलं असतंस तर तिकिटाचे पैसे दिले असते ना, एवढं एकच मी तिथं बोललो. तो म्हणाला, म्हणूनच नाही मागितलं.

आता ज्यासाठी लिहितोय ते. त्याने मला गजाननाची शपथ घातलीय, घरी कळू द्यायचं नाही आणि पक्याला तर नाहीच. शपथ मी घेतली. बोटीत गजाननाला एवढा त्रास देऊन झाल्यावर परत त्याच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ, ते माझं मी बघीन. पण अण्णा वरचा मजला चढवतायत. सळई आणि सिमेंट तुझ्याकडून उचलतायत, उधारीवर, आणि तू देतोयस कारण पोरगा आयर्लंडला मॅनेजर आहे. हा दर महिन्याला अजून पैसे पाठवतो, पक्या. त्या पॅकिंगमधून. स्लॅब पडला की ते पुरणार नाहीत. मग तू अण्णांच्या दारात उभा राहणार, आणि मी तुला आधी का नाही सांगितलं म्हणून माझ्याही.

उधारी बंद करू नकोस. बंद केलीस की अण्णा आधी त्याला फोन करतील. नुसतं सांग, सळई आली नाही. रायपूरहून गाडी सुटली नाही, भाव चढलाय, दिवाळीनंतर बघू. तू गिऱ्हाइकांना एरवी हेच सांगतोस, त्यात खोटं बोलल्याचं पाप लागायचं नाही. दिवाळीपर्यंत त्याच्या दोन मुलाखती आहेत. झालं तर झालं. नाही झालं तर आपण दोघांनी बसून काहीतरी बघू, आणि त्यात तू मला अलिबागच्या पेट्रोलचे पैसे आठवून द्यायचे नाहीत.

त्याला फोन करू की नको, हे मला ठरवता येत नाही. तू केलास की त्याला कळणार मी बोललो. नाही केलास तर त्याच्या डोक्यात तुझं शेवटचं वाक्य मी कड्यावर ऐकवलेलं राहणार. तुला काय वाटतं? पण दोन दिवस थांबून विचार कर, लगेच दुकानातून नंबर फिरवू नकोस.

वहिनींचा गुडघा? चिन्मयला दहावीला सेमी ठेवलंस की नाही? गोदामाचं पत्र्याचं काम झालं का? सविस्तर लिही, म्हणजे लिहवून घे.

एक राहिलं. निघताना डब्लिन बंदरावर त्याने आठवड्याचा हिशेब दिला. हिशेबाची वही तीच रे, लाल पुठ्ठ्याची, कर्वेनगरातली, किराण्याची. माझे त्याच्याकडे तेवीस युरो चाळीस सेंट निघाले, ते त्याने नाण्यांसकट मोजून दिले आणि मी घेतले, काय करणार. पानं उलटताना मी पहिलं पान बघितलं. त्यावर फक्त तुझं नाव आहे. 'पक्या, आयर्लंडची फी', तारीख, आणि रक्कम. खोडलेली नाही.

पस्तीस हजार लिहिलीय. तू कायम चाळीस म्हणतोस. मी तेव्हा मेसचा डबा आणायला गेलो होतो.

तुझा,
दिग्या