माल किती मागवावा, हे शिकवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सादर नमस्कार. आपल्या निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या गडबडीत सांगायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

नव्या वर्षाच्या डायऱ्यांची ऑर्डर माझ्याकडे प्रथम आली, तेव्हा मागील वर्षांच्या विक्रीची सरासरी काढून मी ४०० हा आकडा आपल्यापुढे ठेवला होता. आपण काहीही न बोलता विक्रीची वही मागवलीत आणि डिसेंबरअखेरच्या शून्यांभोवती पेन्सिलीने गोल काढत गेलात. ती शून्ये गिऱ्हाईक न आल्याची नव्हती, माल संपल्याची होती. विक्री म्हणजे मागणी नव्हे, हे मला त्या गोलांनी शिकवले. माल कोणत्या तारखेला संपला, याची नोंद मी तेव्हापासून न चुकता ठेवतो.

हुकलेली मागणी धरून सरासरी ४५० वर गेली, तरी आपले समाधान झाले नाही. एक डायरी कमी पडली तर किती नफा बुडतो आणि एक उरून रद्दीत गेली तर किती तोटा होतो, असे आपण विचारलेत. पहिली रक्कम दुसरीच्या तिप्पट निघाली. तेव्हा तीन भागिले (तीन अधिक एक), म्हणजे तीन चतुर्थांश, अर्थात मागणी आपल्या साठ्यात भागण्याची शक्यता ७५ टक्के राहील इतका माल मागवावा, असे आपण कागदावर मांडून दाखवलेत. मागणी सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखीच, घंटेच्या आकारात पसरते असे मानून आणि प्रमाण विचलन, म्हणजे मागणी सरासरीपासून साधारण किती दूर जाते याचे माप, १०० धरून उत्तर ५१७ आले. जाड पुठ्ठ्याच्या महागड्या डायऱ्यांत नफा थोडा आणि उरल्यास तोटा तिप्पट होता; तिथे त्याच रीतीने सरासरीपेक्षा कमी माल मागवणेच हिताचे ठरले, याचे मला आजही नवल वाटते.

श्वाइट्झर आणि कॅशाँ या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशी ऑर्डर ठरवताना माणसे योग्य आकड्यापासून सरासरीकडे ओढली जातात, असे दिसले होते. मी त्याला अपवाद नाही. ऑर्डर लिहिताना हात अजूनही आखडतो.

गेल्या जानेवारीत ६२ डायऱ्या उरल्या आणि बैठकीत मला जाब विचारला गेला, तेव्हा आपला तोच कागद मी पुढे ठेवला. बरीच चर्चा झाली, पण यंदाचा आकडा कोणीही कापला नाही. त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
खरेदी विभागातील एक सहकारी