बाई, तुमच्या ओव्यांसाठी

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

परवा यंदाचं पहिलं कासवाचं घरटं फुटलं. टोपली उचलली तर मधोमध वाळू बशीसारखी खचलेली, आणि तिच्यातून वल्ह्यासारखा एक इवलासा काळा पाय हलत होता. मागे उभ्या बायकांनी, कुणी न सांगता, तुमची ओवी सुरू केली. तेव्हाच ठरवलं, तुमचे आभार सगळ्यांसमोर मानायचे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांचं काम उभं केलं. ते बघून आम्हीही अंडी राखायला लागलो. पण सुरुवातीला आमच्या हाती फार थोडं लागलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा बोर्ड लावला. लोक दिवसा बोर्ड वाचायचे, रात्री वाळू उकरायचे. मीही घसा कोरडा केला. एका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं बाहेर पडायला ४५ ते ६० दिवस, ती उजेडाकडे धावतात म्हणून किनाऱ्यावर दिवे नकोत. माना डोलायच्या, बल्ब तसेच जळायचे.

मग एकदा हरिपाठ संपल्यावर तुम्ही विचारलंत, "संत सांगतात, कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते. खरं का रे?" मी म्हटलं, "नाही बाई. अंडी घालून ती जाते, परत बघायलाही येत नाही." तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "तर नजर आपण ठेवायची." दुसऱ्या दिवशी वहीचं पान हातात दिलंत:

वाळूमाजी ठेव । ठेवुनिया गेली ।
दर्याची माऊली । सांभाळा गे ॥
विझवा गे दिवे । आज किनाऱ्याचे ।
पिल्लां चांदण्याचे । बोट द्या गे ॥

बायकांनी चाल लावली आणि ओवी घराघरांत गेली. कासवी गावाची माहेरवाशीण झाली. बाळंतपणाला आलेल्या लेकीची ठेव कोण विकणार? ज्या काकांच्या हातातली अंड्यांची पिशवी मी एकदा ओढून घेतली होती, ते आता पहाटे दारात हाक मारतात, "लेक येऊन गेली रे, चल." बाई, ही हाक माझ्या माहितीने मिळाली नसती. तुमच्या चार ओळींनी ती मिळवून दिली.

ते पान अजून हॅचरीतल्या, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणातल्या, डब्यात आहे. खाऱ्या हवेने शाई फुटली आहे, तेव्हा एकदा परत लिहून द्या. आणि शिमग्याच्या आधी दुसरं घरटं फुटेल, त्या पहाटे किनाऱ्यावर या. न्यायला मी येतो.

तुमचा विद्यार्थी,
एक कासवमित्र