प्रभाग समितीत ‘सुरक्षितता’ मंजूर होत नाही, खांब मंजूर होतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. आता 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडून आले आहेत. प्रभाग समित्यांच्या बैठका पुन्हा सुरू होतील तेव्हा ‘परिसराची सुरक्षितता’ हा विषय पहिल्या काही बैठकांतच येणार, आणि बरेचसे नागरिक एकच मागणी घेऊन येणार: कॅमेरे बसवा. त्याआधी या समितीच्या हातात नेमके काय आहे ते पाहिलेले बरे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम 29-अ नुसार प्रभाग समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. समितीत त्या भागातले नगरसेवक आणि प्रभागाचा कार्यभार सांभाळणारा अधिकारी असतो. त्याशिवाय सामाजिक संस्थांमधून जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य घेता येतात (या तीन जागा पक्षाच्या सोयीने भरल्या जातात, ही तक्रार कायद्याइतकीच जुनी आहे). पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामाला प्रशासकीय आणि आर्थिक मंजुरी द्यायचा अधिकार कायद्याने या समितीला दिला आहे. अट अशी, की त्या कामासाठी मंजूर अंदाजपत्रकात स्पष्ट तरतूद असली पाहिजे. सगळी मेख याच अटीत आहे. बैठकीत कोणी कितीही पोटतिडकीने बोलले, तरी ज्या कामाला लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते) नाही ते इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढ्यावर संपते.

म्हणून ‘आमच्या गल्लीत रात्री भीती वाटते’ ही तक्रार खरी असली, तरी कार्यालयाच्या भाषेत ती मागणी होत नाही. ‘अमुक चौक ते तमुक शाळेचे फाटक, लांबी 300 मीटर, एकही खांब नाही’ ही मागणी होते. निवासी रस्त्यावर खांबांमधले अंतर साधारण 25 मीटर धरले, तर इथे एका बाजूला 13 खांब लागतील. त्याबरोबर केबल, खोदाई आणि रस्ता पूर्ववत करणे यांचा खर्च येतो. हा शेवटचा खर्च पूर्वगणनपत्रकातून, म्हणजे कामाच्या खर्चाच्या अंदाजातून, हटकून सुटतो आणि मग खड्डा पथ विभागाचा की विद्युत विभागाचा, यावर पावसाळा निघून जातो.

अंधाराची पाहणी कशी करायची यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक अर्ज इथेच फसतात. रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान दोघा-तिघांनी गल्ली चालत जावे आणि प्रत्येक खांबावर रंगवलेला क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांक नसेल तर समोरच्या घराची किंवा दुकानाची खूण लिहावी. मग त्या खांबापुढे पाचपैकी एक कारण नोंदवावे. एकच दिवा बंद असेल तर दिवा किंवा त्याचा ड्रायव्हर (दिव्याला योग्य दाबाने वीज पुरवणारा भाग) गेलेला असतो. ओळीने पाच-सहा खांब बंद असतील तर दोष दिव्यात नाही. केबल तुटलेली असते किंवा फीडर पिलरमधला (दिव्यांच्या ओळीला वीज देणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीतला) फ्यूज, नाहीतर कॉन्टॅक्टर (ओळ चालू-बंद करणारा स्विच) गेलेला असतो, आणि अशा वेळी दिवे बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. दिवा लागतो-विझतो, विशेषतः पावसात, तेव्हा खांबाच्या बुडाशी असलेल्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलेले असते. अशा बॉक्सचे झाकण गायब असेल तर ती तक्रार अंधाराची राहत नाही. ती शॉक लागण्याची होते आणि तिच्यासाठी बैठकीची वाट पाहायची नसते. चौथे कारण झाडाचे. दिवा उत्तम चालू असतो, पण नऊ मीटर उंचीवरचा उजेड गुलमोहराच्या माथ्यावर पडतो आणि पदपथ काळोखात राहतो. पाचवे कारण म्हणजे मुळात खांबच नसणे.

या पाचही कारणांची दारे वेगळी आहेत. पहिली तीन कामे देखभाल-दुरुस्तीच्या चालू कंत्राटात बसतात, त्यांना समितीच्या मंजुरीची गरजच नाही. तिथे फक्त तक्रार क्रमांक आणि तारीख हवी. फांद्या छाटायला उद्यान विभागाची परवानगी लागते, कारण शहरातल्या झाडांना 1975 च्या कायद्याचे संरक्षण आहे. विद्युत विभाग झाडाकडे बोट दाखवतो, उद्यान विभाग खांबाकडे, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. यावर टिकाऊ उपाय म्हणजे त्याच खांबावर पदपथाच्या बाजूने चार-पाच मीटर उंचीवर दुसरा हात लावून छोटा दिवा बसवणे. खरे नवे काम फक्त पाचव्या प्रकारात असते. एका यादीत पाचही प्रकार कालवून दिले, की उपअभियंता सगळ्यांचे मिळून एक पूर्वगणनपत्रक करतो, ते पाच लाखांच्या वर जाते आणि फाइल मुख्य इमारतीत रवाना होते.

टायमर ही अगदी बिनखर्चाची बाब. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या. फीडर पिलरमधला साधा टायमर उन्हाळ्यात लावलेल्या वेळेवरच राहिला, तर हिवाळ्यात क्लासवरून परतणाऱ्या मुलींना तासभर अंधारात चालावे लागते. यासाठी लागतो तो एक माणूस, एक शिडी आणि वर्षातून चार वेळा आठवण.

किती उजेड पुरेसा, यालाही माप आहे. आयएस 1944 या भारतीय मानकाप्रमाणे मुख्य रस्त्यावर, त्याच्या वर्गानुसार, सरासरी 30 किंवा 15 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) आणि निवासी भागातल्या रस्त्यांवर 8 किंवा 4 लक्स उजेड हवा. सरासरीइतकीच समानताही महत्त्वाची: निवासी रस्त्यावर सगळ्यात अंधाऱ्या जागचा उजेड सरासरीच्या 0.3 पटीपेक्षा कमी नसावा. चौकातला हायमास्ट (उंच खांबावरचा दिव्यांचा झुबका) लखलखतो आणि त्याच्या पलीकडची गल्ली डोळ्यांना आणखी काळी दिसते, हे या दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष केल्याचे फळ. हायमास्टला उद्घाटन असते, गल्लीतल्या 45 वॅटच्या दिव्याला नसते. वरच्या 13 खांबांवर असे दिवे रोज साडेअकरा तास जळले, तर वर्षाला सुमारे अडीच हजार युनिट लागतात. हे वीजबिल कोणत्या शीर्षातून जाणार, हेही मंजुरीच्या वेळीच विचारावे.

आता कॅमेरे. कॅमेऱ्यांना आमचा विरोध नाही. अंधारात, वेलीमागे लावलेल्या आणि तीन महिन्यांनी बंद पडणाऱ्या कॅमेऱ्यांना आहे. साधा हिशेब करा. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट वेगाने नोंद करत असेल, तर दिवसाला सुमारे 43 जीबी जागा खातो. आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला 345 जीबीच्या आसपास. दोन टीबीची हार्ड डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते आणि जुने चित्रण पुसले जाऊ लागते. चोरी आठवड्याने लक्षात आली, तर पोलिसांच्या हाती काही लागत नाही. तीस दिवस ठेवायचे असतील तर आठ कॅमेऱ्यांना दहा टीबीपेक्षा जास्त जागा हवी, एच.265 या चित्रण जास्त दाबून साठवणाऱ्या पद्धतीने नोंद केली तर साधारण निम्मी. ‘आठ कॅमेरे, एक डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र)’ एवढेच लिहिलेल्या प्रस्तावाला म्हणूनच हात वर करू नये. चित्रण किती दिवस राहील, वीज गेल्यावर यूपीएस किती वेळ टिकेल, काच कोण आणि किती दिवसांनी पुसेल, इंटरनेटचे मासिक बिल कोण भरेल, चित्रण पोलीस ठाण्यात दिसेल की नुसते क्षेत्रीय कार्यालयाच्या कपाटात राहील, हे कागदावर हवे. गाडीचा क्रमांक वाचायचा असेल तर त्यासाठी वेगळा, खाली आणि अरुंद कोनात लावलेला कॅमेरा लागतो; चौकाचे दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात रात्री नंबरप्लेटच्या जागी फक्त पांढरा ठिपका दिसतो.

यात निधीचा घोळ असा, की खरेदीला पैसे मिळतात आणि देखभालीला मिळत नाहीत. खासदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी रुपयांचा, आमदारांचा वेगळा आणि नगरसेवकांची ‘स’ यादी (त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची अंदाजपत्रकातली यादी) आणखी वेगळी. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असल्याने एकाच चौकाला चार दाते मिळतात आणि मागच्या वस्तीला एकही नाही. दुसऱ्याच्या निधीतून बसलेली यंत्रणा महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झाली नाही, तर ती बंद पडल्यावर तिला कोणी वाली राहत नाही. किमान तीन वर्षांची देखभाल निविदेतच धरलेली नसेल, तर वस्तू फुकट मिळत असली तरी घेऊ नये.

गतिरोधकांचे थोडक्यात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 99 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच हवा, वर पट्टे आणि अलीकडे फलक हवा. प्रत्यक्षात एका रात्रीत डांबराचा मीटरभर रुंदीचा उंचवटा पडतो. त्यावर दुचाकीस्वार आपटतात, रुग्णवाहिका थांबते आणि पाणी साठते. शाळेपुढे पदपथाच्या उंचीला जुळणारा, वरून सपाट असा पादचारी मार्ग जास्त उपयोगी पडतो, पण त्याचा खर्च पथ विभागाच्या शीर्षात मागावा लागतो.

एकेरी वाहतूक आणि पार्किंगचे विषय वाहतूक पोलिसांचे, गस्तीचा विषय स्थानिक ठाण्याचा. पोलीस अधिकारी प्रभाग समितीचा सदस्य नसतो, म्हणून त्याला विषयपत्रिकेसह आधी लेखी बोलवावे लागते. ऐन वेळी फोन केला तर बंदोबस्ताचे कारण मिळते. पोलीस आणि वस्ती समोरासमोर बसण्याचे मोल महाराष्ट्राला नवीन नाही. भिवंडीत 1980 च्या दशकाअखेरीस पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांच्या हाती फारसा निधी नव्हता, पण बैठका मात्र नियमित होत होत्या.

बैठका कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवल्या, की ज्या बायका रात्री साडेनऊला बसथांब्यावरून घरी चालत येतात त्या तिथे नसतात. त्यांच्या वतीने बोलायला निवृत्त पुरुष असतात, आणि त्यांचा मुख्य विषय पार्किंग. तिमाहीत एक तरी बैठक संध्याकाळी सातला घ्यावी, आणि ती संपल्यावर सदस्यांनी एक अंधारी गल्ली पायी पाहावी.

वेळापत्रकही सांभाळावे लागते. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातले छोटे काम सुचवता येते. आयुक्त पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडायच्या काही महिने आधीच ही मुदत संपते. जानेवारीत जागे झालेल्यांच्या नशिबी पुढचे वर्ष येते. आणि तरतूद मिळाली म्हणजे काम झाले असेही नाही. डिसेंबरपर्यंत निविदा निघाली नाही, तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तो पैसा वर्गीकरणात दुसऱ्याच कामाला वळवला जातो. दिव्यांचे पैसे कमानीला किंवा बाकड्यांना गेले, हे नागरिकांना पुढच्या पावसाळ्यात कळते.

म्हणून नव्या प्रभाग समित्यांच्या अध्यक्षांकडे आमची एकच मागणी आहे. प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तासोबत एक तक्ता लावावा. त्यात कामाची जागा किंवा खांब क्रमांक, लेखाशीर्ष, तरतुदीची रक्कम, पूर्वगणनपत्रकाची, निविदेची आणि कार्यादेशाची तारीख, दोषदायित्वाचा (काम बिघडल्यास ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याचा) कालावधी आणि वर्गीकरण झाले असल्यास ते कुठे, हे असावे. तो क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावा, आणि ऑक्टोबरच्या बैठकीत ‘निविदा’ हा रकाना रिकामा असलेली कामे सर्वांत आधी घ्यावीत.

आपले,
प्रभाग समितीच्या कामकाजाचा पाठपुरावा करणारे काही नागरिक, पुणे