मासा जेटीवर उतरतो, कायदाही तिथेच उभा करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रात्री एलईडी दिव्यांच्या प्रखर उजेडाने मासे गोळा करून पकडणारी, म्हणजे एलईडीवर मासेमारी करणारी नौका पकडली की आपल्या जिल्हा पानावर बातमी येते. दिवे किती, जनरेटर किती, खलाशी किती, सगळे छापून येते. ज्या तक्रारींचे पुढे काहीच होत नाही, त्यांची मात्र बातमी होत नाही, म्हणून हे पत्र.

मी मालवण तालुक्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेत हिशेब आणि पत्रव्यवहार पाहते. रापणकारांच्या (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्यांच्या), गिलनेटवाल्यांच्या (पाण्यात उभे जाळे लावणाऱ्या छोट्या होडीवाल्यांच्या) अशा नौकांविरुद्धच्या तक्रारी माझ्या हाताने लिहिल्या जातात आणि उत्तरेही माझ्याच फायलीला लागतात. त्यातले एक वाक्य आता मला तोंडपाठ झाले आहे: 'सदर घटना 12 सागरी मैलांबाहेरील असल्याने या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही.' पत्रावर सही, शिक्का, जावक क्रमांक असतो. आणि ज्या रात्रीबद्दल तक्रार केली, त्या रात्रीचा बांगडा तोवर आपल्याच जेटीवर उतरून, बर्फात भरून, ट्रकमधून जिल्ह्याबाहेर गेलेला असतो.

हे 12 मैल आले कुठून, ते कायदा शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला समजावून सांगितले. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यांच्या सूचीत आहे, क्रमांक 21 ला. पण प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्राच्या सूचीत, क्रमांक 57 ला. प्रादेशिक समुद्र म्हणजे 12 सागरी मैल, साधारण सव्वाबावीस किलोमीटर. 1956 मध्ये ही हद्द 6 मैल होती, 1967 मध्ये ती 12 झाली आणि 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याने पक्की केली. त्याच कायद्याने 200 मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासळीवर आपल्याच देशाचा हक्क असतो तो समुद्र, ठरवले. या 12 मैलांच्या आतही समुद्रतळाखालच्या खनिजांवर कलम 297 प्रमाणे मालकी केंद्राची आहे. म्हणजे एकाच पाण्यात मासा राज्याचा आणि तळ केंद्राचा. ते असो, आमचे भांडण माशाचे आहे.

12 मैल मोजायचे कुठून? आम्ही उभे असतो त्या वाळूवरून नव्हे. ते आधाररेषेपासून मोजतात. ही रेषा काही ठिकाणी ओहोटीच्या पाण्याची असते, काही ठिकाणी टोकापासून टोकाला ओढलेली सरळ रेषा असते, आणि तिचे बिंदू 2009 मध्ये केंद्राने अधिसूचित केले आहेत. तांडेलाच्या (नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या) जीपीएसवर बंदराचे अंतर दिसते, आधाररेषेचे दिसत नाही. आमच्या संस्थेतले एक जुने तांडेल मला म्हणाले, "उजेड दिसता, पण तो बाराच्या आत की भायर, तां कोण सांगतलो?" तक्रार घेणारे कार्यालय मात्र नेमके हेच सिद्ध करून मागते. अंधारात, लाटेवर हलणाऱ्या होडीतून, दूरच्या उजेडाचे अक्षांश-रेखांश गिलनेटवाल्याने द्यायचे!

आणि एलईडीच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचे कारणच नाही. राज्याच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि एलईडी मासेमारीला 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत दंड ठरला. 12 मैलांबाहेर केंद्राने एलईडीला नोव्हेंबर 2017 मध्येच बंदी घातली. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम काढले, त्यातही एलईडी आणि बुल ट्रॉलिंगला (दोन नौकांनी मिळून एक जाळे ओढण्याला) मनाई आहे. रेषेच्या आत गुन्हा, रेषेच्या बाहेरही गुन्हा. मग रेषा सापडत नाही म्हणून तक्रार दप्तरी दाखल कशी होते? कारवाई कोणत्या कायद्याखाली करायची एवढाच फरक पडायला हवा, कारवाई करायची की नाही हा नव्हे.

पर्ससीनचे, म्हणजे माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्याचे, प्रकरण इतके सरळ नाही, हे मी मान्य करते. तिथे आतले नियम वेगळे, बाहेरचे वेगळे, आणि पर्ससीनवाल्यांचीही घरे आहेत, कर्जे आहेत. पण तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 24 जानेवारी 2023 रोजी दिलेला अंतरिम आदेश आपल्याकडे कोणी नीट वाचला आहे का? त्या राज्याने आपल्या हद्दीत पर्ससीनला बंदी घातली होती. न्यायालयाने 12 मैलांपलीकडे परवानगी दिली, पण आठवड्यातून फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी 8 ला निघायचे, संध्याकाळी 6 पर्यंत परतायचे, आणि नौकेवर माग ठेवणारे यंत्र हवे. बाहेर जाणारी नौकाही राज्याच्या बंदरातून निघते आणि राज्याच्या बंदरातच परत येते. म्हणून अटी निघण्याच्या आणि परतण्याच्या वेळेला घातल्या. मला हे फार महत्त्वाचे वाटते. समुद्रात रेषा दिसत नाही, जेटी सगळ्यांना दिसते.

अमेरिकेतही हा वाद जुना आहे. तिथे बहुतेक राज्यांची हद्द 3 सागरी मैल, टेक्सासची 9, त्यापुढे केंद्र सरकारची. पण 1900 सालापासून तिथे लेसी कायदा आहे. एखाद्या राज्याचा कायदा मोडून पकडलेला मासा दुसऱ्या राज्यात नेला किंवा विकला, तर तो केंद्राच्या कायद्याने गुन्हा ठरतो. मासा हद्दीबाहेर गेला म्हणून सुटत नाही, कायदा त्याच्या मागून जातो. आमच्या जेटीवरचा माल गोव्याला, कर्नाटकाला जातो तेव्हा त्याच्या मागे फक्त बर्फाचे पाणी गळत जाते.

यंत्रणा नाही, असे कोणी म्हणू नये. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठी ट्रान्सपॉन्डरची (नौकेचे ठिकाण कळवणाऱ्या यंत्राची) देशव्यापी योजना सुरू झाली, 1 लाख नौकांची. जानेवारी 2025 पासून राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी आहे. ट्रान्सपॉन्डर वादळात जीव वाचवण्यासाठी आहे हे खरे, आणि त्यासाठी तो प्रत्येक होडीवर हवाच. पण मोठी नौका रात्री कुठे होती हेही त्यातून कळते. ती नोंद पुरावा म्हणून धरा. यंत्र बंद ठेवून आलेल्या नौकेचा माल उतरू देऊ नका.

परवाना अधिकारी आमच्या बंदरावर असतात. नौकेवर एलईडीचे दिवे आणि मोठा जनरेटर दिसला, तर 12 मैलांच्या आत-बाहेरची चर्चा न करता जेटीवरच पंचनामा करण्याचा लेखी अधिकार त्यांना आहे का, हे केंद्र आणि राज्य या दोघांनी मिळून एका परिपत्रकात सांगावे. अधिकार असेल तर वापरा, नसेल तर द्या.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. देवगड, मालवण, वेंगुर्ला या तिन्ही तालुक्यांसमोर 12 मैलांची रेषा कोणत्या अक्षांश-रेखांशांवरून जाते, ते अंश आणि कलांमध्ये (मिनिटांमध्ये) लिहिलेला फलक प्रत्येक जेटीवर लावा. तांडेल ते आकडे जीपीएसमध्ये भरून घेतील. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि सगळे घरी असतात. फलक त्या दोन महिन्यांत लागू शकतो.

– संस्थेत पत्रव्यवहार पाहणारी एक वाचक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग