पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या टेम्पोचालकास

कोल्हापूर,
जूनचा पहिला आठवडा

आदरणीय बंधू,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव मला ठाऊक नाही. निरोप घेताना मी ते दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा तुम्ही "मी देवगडचोच" एवढेच म्हणून गाडी सुरू केलीत. त्यामुळे हे पत्र कोणत्या पत्त्यावर धाडावे हे न कळून मी ते सर्वांसमोर लिहीत आहे. देवगड, जामसंडे, तळेबाजार या भागातील कोणाच्या वाचनात ते आले आणि रिकामे क्रेट घेऊन फोंडा घाट उतरणारा, दाजीपूरजवळ दोन वृद्ध माणसांना गाडीत घेणारा चालक कोण हे त्यांना ओळखू आले, तर त्यांनी ते तुम्हाला वाचून दाखवावे, अशी विनंती आहे.

आम्ही त्या दिवशी कोठे निघालो होतो, हे तुम्ही विचारले नाही आणि वाटेत मीही नीट सांगितले नाही. माझा मित्र आणि मी १९७५ ते १९७९ या काळात राजाराम महाविद्यालयात एकत्र शिकलो. मंगळवार पेठेतील एका खोलीत आम्ही चार वर्षे राहिलो. तो सुटीवरून परतताना आंबावडी, फणसपोळी आणि कुळथाची पिठी घेऊन येई. मी त्याला पहाटे गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला नेई. पुढे तो देवगडकडच्या आपल्या गावी जाऊन वडिलांची आंब्याची बाग पाहू लागला, मी कोल्हापुरात ३२ वर्षे भूगोल शिकवला, आणि आमच्या बायकांची मैत्री तर आमच्याहूनही घट्ट झाली. गेल्या दिवाळीनंतर त्याला अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून "या उन्हाळ्यात जायचेच" असे आम्ही म्हणत होतो आणि प्रत्येक वेळी माझ्या पत्नीच मागे सरत होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. वेदना त्या सोसतात. परंतु गाडीत चढता-उतरताना चार माणसे थांबून पाहतात, कोणी उसासा टाकतो, कोणी घड्याळाकडे नजर टाकतो, ते त्यांना सोसत नाही. दोन वर्षांत त्यांनी लग्नकार्यांना जाणे जवळजवळ सोडले आहे.

आता जे घडले ते थोडक्यात लिहितो. ज्या भाड्याच्या मोटारीने आम्ही निघालो तिच्या मालकाचे नाव मी लिहिणार नाही. राधानगरीला पत्नींना उतरून पुन्हा बसायला वेळ लागला, तेव्हा त्याचा चालक टपरीवरील माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजी, असं केलं तर इथंच रात्र व्हायची." दाजीपूरच्या पुढे त्याला एक फोन आला, ठरल्याहून अधिक पैशांची मागणी झाली, मी नकार दिला आणि आमच्या दोन पिशव्या रस्त्याच्या कडेला ठेवून तो माघारी निघून गेला. पैशांचे दुःख नाही. आम्ही कोल्हापूरकर पाहुण्याला ताटावरून उठू देत नाही असे अभिमानाने सांगतो, आणि आमच्याच गावच्या माणसाने दोन म्हाताऱ्यांना रानात उतरवले, याची मात्र मला आजही लाज वाटते. त्यानंतर कितीतरी मोटारी समुद्राकडे गेल्या. राधानगरीचे हे अरण्य २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर दोन मोटारी थांबल्याही, त्या अरण्याची छायाचित्रे काढण्यासाठी. मी हात केला. त्या मंडळींनी हात हलवून प्रतिसाद दिला आणि ती निघून गेली.

मग तुम्ही आलात. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आंबा उतरवून परतणारी गाडी होती ती. मागे प्लास्टिकचे रिकामे क्रेट खडखडत होते. "खय जावचा असा?" एवढाच प्रश्न तुम्ही केलात आणि खाली उतरून पिशव्या उचलल्यात. पत्नी त्या वेळी गाडीच्या पायरीकडे पाहत होत्या. ती त्यांच्या मांडीइतकी उंच होती. त्यांनी काही म्हटले नाही, मीही काही म्हटले नाही. पण तुम्हाला ते कळले. मागे जाऊन तुम्ही एक क्रेट काढलात, तो दरवाजाखाली उपडा घातलात, स्वतः त्यावर पाय देऊन डुगडुगतो का ते पाहिलेत, आणि मग जे केलेत त्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. तुम्ही त्यांच्याकडे पाठ केलीत, किंचित वाकलात आणि म्हणालात, "काकी, खांद्यार हात ठेवा. सावकाश."

त्यांना चढायला लुगडे गुडघ्याच्या वर घ्यावे लागणार होते, हे तुम्ही ओळखले होते. हात पुढे करून तुम्ही त्यांना ओढून वर घेऊ शकला असता. बहुतेक सारे भले लोक तसेच करतात, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु तसा हात देणारा माणूस समोर उभा राहून पाहत असतो. तुम्ही खांदा दिलात आणि नजर रानाकडे वळवलीत. एवढ्यावर न थांबता, त्या चढत असताना तुम्ही माझ्याशी आंब्याविषयी बोलू लागलात: यंदा फळ कसे कमी धरले, हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तरी बाजारात परप्रांतातला आंबा देवगडच्या नावाने कसा खपतो. मी उत्तरे देत राहिलो. दोन-तीन मिनिटे गेली असतील. कोणी कोणासाठी खोळंबले आहे असे त्या वेळात जराही वाटले नाही; दोन पुरुष रस्त्यावर बोलत उभे होते, एवढेच. तुम्ही ते बोलणे मुद्दाम काढले होते, हे मला घाट उतरताना उमगले आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

फोंडा घाट मी शेकडो मुलांना फळ्यावर खडूने काढून दाखवला आहे. पठार कोठे संपते, कडा कसा तुटतो, वारा कोठून चढतो, हे सारे मी शिकवत असे. त्या दिवशी मात्र मी तो पत्नींच्या चेहऱ्यावर पाहिला. त्या खिडकीशी बसल्या होत्या. वरच्या वळणांवर अंजनीची निळी-जांभळी फुले अजून थोडी शिल्लक होती, करवंदाच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या, आणि जसजसे खाली उतरत गेलो तसतशी हवा दमट होत गेली. फोंड्याला चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी दार उघडण्यापूर्वी क्रेट खाली आलेला होता आणि तुमची पाठ वळलेली होती. नांदगावला तेच, जामसंड्याला तेच. तुमचा रस्ता जामसंड्याला संपत होता, तरी तुम्ही आमच्यासाठी पुढे खाडीकाठच्या वाडीपर्यंत आलात. मी पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात आणि म्हणालात, "जाताना आंबे नेलंय, येताना माणसां हाडलंय." तो क्रेट मात्र दारातच ठेवलात. परत जाताना काकींना लागेल, असे म्हणालात.

तुम्ही वळून गेल्यावर काय झाले ते तुम्हाला कळावे असे मला वाटते. माझा मित्र खळ्यात खुर्चीवर बसला होता. भोवती रातांब्यांची साले वाळत घातली होती, त्यांच्या आंबटगोड वासाने सारे खळे भरले होते. त्याने डावा हात वर केला. माझे नाव घेण्याचा त्याने प्रयत्न केला, ते अर्धेच उमटले. मी त्याच्या शेजारी बसलो आणि अंधार पडेपर्यंत आम्ही खाडीकडे पाहत राहिलो. पुढचे चार दिवस असेच गेले. सकाळी आम्ही दोघे बागेच्या गडग्यापाशी बसायचो. गडी झेल्याने शेवटचा आंबा उतरवत असत आणि कोणता फळधारी आंबा राखायचा, कोणता काढायचा, हे मित्र बोटाने दाखवी. दुपारी कातळावरून तापलेला वारा येई. संध्याकाळी खाडीवर बगळे उतरत. १ जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून बंदरावर शेवटच्या फेऱ्यांची घाई चालली होती, आणि लहान होड्या ओढून माडाखाली आणल्या जात होत्या. बोलण्याची फारशी गरज पडली नाही. खोलीत राहत होतो तेव्हाही परीक्षेच्या दिवसांत आम्ही असेच तासन्‌तास गप्प बसत असू.

तिसऱ्या दिवशी कुणकेश्वरला जायचे ठरले. मी पत्नींना आग्रह करणार नव्हतो. त्या स्वतःच मित्राच्या पत्नीला म्हणाल्या, "तो क्रेट घ्या बरोबर." मित्राच्या पुतण्याला मी तुमची रीत सांगितली आणि त्या मुलाने ती तंतोतंत पाळली. मंदिराखालच्या वाळूत त्याने तो क्रेट उपडा ठेवला आणि तो दूर जाऊन उभा राहिला. पत्नी त्यावर बसल्या. भरती चढत होती. पहिली लाट पावलांपर्यंत आली, पुढची घोट्यापर्यंत, आणि त्यांनी लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय सरळ पुढे सोडले. भोवती माणसे होती. कोणी पाहत असेल, नसेल. त्या सूर्य बुडेपर्यंत तशाच बसून होत्या. लग्नानंतर आम्ही याच किनाऱ्यावर आलो होतो, तेव्हा त्या अशाच पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या, हे मी विसरून गेलो होतो.

मदत करणारी माणसे मला आयुष्यात पुष्कळ भेटली आणि त्या सर्वांचा मी ऋणी आहे. तरी मनापासून सांगतो, मदत घेणाऱ्याला ती घेताना कसे वाटत असेल, एवढा विचार करणारी माणसे फार थोडी भेटली. मी शिक्षक होतो. फी भरता न आलेल्या मुलाला मी वर्गात उभे करून "मी भरतो तुझी" असे म्हटले होते, आणि तो खाली मान घालून उभा राहिला होता. तो आनंदित का झाला नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. त्याचे उत्तर मला फार उशिरा, फोंडा घाटात मिळाले.

परत येताना आम्ही देवगडहून एसटीने आलो. वाहकाने तो क्रेट पाहिला आणि काय आहे ते विचारले. पत्नींनीच त्यांना सारे सांगितले. त्यांनी तो स्वतःच्या आसनाजवळ ठेवून घेतला आणि कोल्हापूरच्या बसस्थानकावर आमच्या आधी उतरून दरवाजाखाली मांडला. त्यांनी पाठ फिरवली की नाही हे गर्दीत मला दिसले नाही. पण पत्नी म्हणतात, फिरवली.

क्रेट सध्या आमच्या दारात आहे. तो धुऊन ठेवला आहे. त्याच्या एका बाजूस रंगाने लिहिलेली दोन अक्षरे आहेत, पुसट झाली असली तरी वाचता येतात; ती बहुधा बागायतदाराची असावीत, आणि एक क्रेट कमी भरला म्हणून तुम्हाला कोणी बोलले तर नसेल ना, ही चिंता मला अधूनमधून सतावते. पुढल्या हंगामात पहिला आंबा मार्केट यार्डात येऊ लागला की मी रोज सकाळी तेथे येऊन उभा राहीन. पत्नीही येणार म्हणतात.

तुमचा,
दाजीपूरला भेटलेला काका